दोन रिमोटांचा डाव

सदर, जबलपूर
९ नोव्हेंबर २०२४

सुमेध,

जयभीम. तुझ्याशी बोलणार नाही म्हटलं होतं, ते अजून कायम आहे. लिहिणार नाही असं मी कधी म्हटलं नव्हतं, म्हणून लिहून राहिली. तुझे जिजाजी म्हणतात, "एक फोन लगा दो, बात ख़तम." मी म्हटलं, तुम्ही यात पडूच नका.

विषय आईचा आहे. आपली आई हातची चालली रे. 

परवा दुपारी मी गोहलपूरला आईकडं गेली. दार आतून लावलेलं, खिडकीचा पडदा ओढलेला. कडी वाजवायला हात उचलला आणि आतून आईचा आवाज आला. ओरडून राहिली होती. "अहो, चला ना! काहून तिथंच उभे राहिले? दार उघडणार नाही ना!"  आईनं आयुष्यात एकाच माणसाला अहो म्हटलं, आणि बाबांना जाऊन आता दोन वर्षं होत आली. मग म्हणते कशी, "घ्या. मेली मी. तुमच्यापायी मेली."

मी दार बडवलं. बऱ्याच वेळानं उघडलं. केस मोकळे, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर असा भाव की मीच काही चोरी करताना सापडली. म्हणते, "फोन करून यावं ना बाई!" स्वतःच्या आईकडं मी फोन करून जायचं?

खोलीत दोन खुर्च्या, जवळजवळ मांडलेल्या. एक तिची, एक बाबांची, ती वेताची. आईच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर पट्टी. पायाच्या अंगठ्यावरही पट्टी! विचारलं तर म्हणाली, पाटा लागला. एकच पाटा हाताला आणि पायाला लागतो का रे? गॅसवर डाळ जळून कोळसा झाली होती, तिला वासही आला नाही.

बाहेर निघाली तर शेजारच्या सत्यवतीबाईंनी हात धरला. म्हणाल्या, रोज दुपारी कोणाशी तरी भांडण चालते, आणि दोन रविवार झाले, विहारात वंदनेला आली नाही. ताप असला तरी वंदना न चुकवणारी आपली आई!

तू मुलगा आहेस. काय करायचं ते लिही.

एकता


पुणे
१५ नोव्हेंबर २०२४

ताई,

जयभीम. तुझं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यातच बसलो. अक्षर तुझं पाहिलं तेव्हा आधी वाटलं, राग गेला वाटतं. मग वाचलं.

मी लगेच आईला फोन केला. "बरी आहे, जेवली, तू जेवला का," एवढंच. मागं काहीतरी टुंगटुंग वाजत होतं. विचारलं तर म्हणाली, गल्लीत डेंटिंगवाला गाडी ठोकून राहिला. आवाजावरून तर ठणठणीत वाटली. पण तू जे ऐकलंस ते ऐकल्यावर मला माझ्या कानांवर भरवसा नाही.

आता तिला एकटं ठेवायचं नाही. तू सासूबाईंचं बघतेस, तुझ्यावर तिचा भार टाकणार नाही. मी डिसेंबरच्या मध्यावर रजा काढतो, येतो आणि तिला पुण्याला घेऊन जातो. घराला कुलूप लावू, किल्ली सत्यवतीबाईंकडे राहील. त्याआधी तू तिला एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखव. तिला इतक्यात काही सांगू नकोस, नाहीतर बाबांच्या खुर्चीला मिठी मारून बसेल.

एक विचारतो, चिडू नकोस. दिवाळीआधी तुझ्या अवंतीसाठी पार्सल पाठवलं होतं. ज्या गेमवर मी चार वर्षं काम केलं तो आहे त्यात. आपल्या लहानपणीच्या कॅसेटींमधले गेम घेतले, त्यांचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला नवी अट लावली. अख्खा गेम खेळायचा नाही, एवढंच करायचं: न उडता शिडी गाठ, अंधारात पूल ओलांड, दहा सेकंदांत सगळी नाणी उचल. जमलं तर तारा, नाही तर परत. माझ्या भाचीला आवडेल वाटलं.  मिळालं का एवढं कळव.

सुमेध


सदर
२१ नोव्हेंबर २०२४

सुमेध,

पार्सलचं मला विचारूच नको. आलं तसं मी ते उघडलंही नाही. बाप मेल्यावर पुण्यानुमोदनाच्या वंदनेलाही न थांबता तिसऱ्या दिवशी ज्या गेमसाठी पळाला, तोच ना हा? माझ्या घरात त्याला जागा नाही. रिक्षात घातलं आणि आईकडं नेऊन टाकलं. कपाटावर पडलं असेल धूळ खात. अवंती दिवाळीला आजीकडं राहून नागपूरला होस्टेलवर परत गेली, तिनं विचारलंही नाही. इथं आईचं डोकं फिरलं आणि तुला गेमची पडली आहे! धन्य आहे.

काल तिला डॉक्टरकडं नेलं. बिचारा गोड बोलणारा मुलगा होता. "अम्मा, आज कौन सा दिन है?" तर हिनं वार, तारीख, वरून पौर्णिमा कधीची तेही सांगितलं. घड्याळ काढायला लावलं तर अस्सं गोल काढलं. मला जरा धीर आला. मग त्यानं विचारलं, "अम्मा, दिन भर क्या करती हैं?"

आई म्हणाली, "क़िला चढ़ती हूँ."

 डॉक्टरनं पेन खाली ठेवला. "अकेली?" 

"नहीं, ये भी रहते हैं ना साथ में. लेकिन ये खड़े ही रहते हैं. मैं अकेली कितना दौड़ूँगी, बेटा?" आणि डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

मी डॉक्टरला खुणेनंच सांगितलं की वडील नाहीत. त्यानं मान हलवली, गोळ्या लिहिल्या, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला की यांना एकटं सोडू नका. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, आई, बाबा दिसतात का तुला? तर माझ्याकडं अशी पाहिली की वेडी मीच आहे. "दिसते काय! मेले का ते काय मले माहीत नाही?"

तू लवकर ये. उद्या मी जाऊन तिचे कपडे भरायला घेते.

एकता


सदर
२३ नोव्हेंबर २०२४

अरे सुमेध! अरे सुमेध!

काय लिहू, कसं लिहू! हसू की डोकं आपटू, मला अजून कळून नाही राहिलं.

बॅग घेऊन गेली. कडी वाजवलीच नाही, माझ्याकडच्या किल्लीनं मागचं दार उघडलं. आई टीव्हीसमोर बसली होती, चष्मा नाकाच्या टोकावर, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हातांत तो तुझ्या गेमचा रिमोट, आणि एक टिकली एवढा माणूस पडद्यावर टणाटण उड्या मारून राहिला होता. "सरक मेल्या! सरक!" माझी आई! आपली आई! जिनं आपला व्हिडिओ गेम दोनदा माळ्यावर फेकला, जिच्या लाटण्याचा वळ माझ्या पाठीवर दहावीपर्यंत होता, ती!

वर कोपऱ्यात तारे होते. मी मोजले नाहीत, पण पडदा भरला होता. पार्सल आलं त्याच दिवशी तिनं उघडलं, आणि जोडून दिलं कोणी? तुझ्या भाचीनं. दोघींनी ठरवून माझ्यापासून लपवलं, की मला कळलं तर मी नाल्यात फेकीन. फेकलंच असतं.

हाताच्या अंगठ्याला फोड त्यानं. पण पायाचा अंगठा? ते विचारलं तर तोंड फिरवलं. दुसरा रिमोट बाबांच्या खुर्चीवर ठेवला होता, गादीवर नीट मांडून. मी म्हटलं, हा काहून? तर म्हणाली, "तुले नाही सांगायचं." आणि बॅग पाहिली. कशाला आणली विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं सगळं, पुणे, कुलूप, किल्ली. तिनं टीव्ही बंद केला.

मला तिचा तो चेहरा पाहवला नाही. आता तूच सांभाळ.

एकता


गोहलपूर
२८ नोव्हेंबर २०२४

चिरंजीव सुमेध यास आईचा जयभीम आणि आशीर्वाद.

फोनवर तू मधातच हो आई, हो आई करतो आणि माझं राहून जाते, म्हणून लिहून राहिली. चवथीपर्यंतच शाळा झाली माझी, पण जे लिहीन ते तुले समजेल.

मले वेडी ठरवली म्हणता! माझ्याच पोटच्या पोरांनी! डॉक्टरच्या गोळ्या मी दारातल्या कुंडीत टाकल्या आणि कुंडी कशी हिरवीगार आहे पाहून घे. माझं घर बंद करणार, किल्ली सत्यवतीले देणार, आणि मले विचारलं कोणी? काय जमाना आला बापा! सुमेध, कान उघडून ऐक, मी पुण्याले येणार नाही. मले उचलून न्यावं लागेल, आणि माझं वजन कमी नाही.

आता खरं सांगते. तुम्ही लहान होते तेव्हा तुमच्या बाबांची फॅक्टरीत आठवड्याआड सेकंड शिफ्ट राहे. सकाळी तुम्ही शाळेत गेले की ते तुमचा गेम काढत. कॅसेटमध्ये फुंकर मारत आणि बसत. मी आधी लई बोंब मारली. मग एक दिवस म्हणे, "धर जरा दुसरा, मी एकटा मरून राहिलो." धरला. तेव्हापासून आम्ही दोघं बसायचो, भाजी चिरून झाली की. तुमच्यावर लाटणं उगारायची ते अभ्यासासाठी. अभ्यास तुमचा होता, माझा नव्हता. त्यात माझं काय चुकलं?

तो किल्ल्याचा गेम आठवते का? वरपर्यंत चढलं की एक मोठं दार राहे. त्याच्यापुढं काही होतच नव्हतं, माणूस तिथंच नुसता धडका मारे. तुमचे बाबा म्हणत, याच्यामागं काहीतरी आहे, भीमा, उगाच कोणी दार बनवत नाही. मग लाइट जाई. पुढं तू मोठा झाला, गेम बनवायच्या नोकरीले लागला. ते लोकांसमोर म्हणत, हे काय काम आहे? पण मले म्हणत, सुमेधले माहीत असेल त्या दारामागं काय आहे ते. मी म्हणे, विचारा ना मग! तर म्हणत, बापानं पोराले असं विचारू कसं? विचारायचं विचारायचं करत गेले.

आता तुझ्या या गेममध्ये तो किल्ला आला. सगळ्यात शेवटी आला. मी पोचली. आणि तू तिथं काय करून ठेवलं? दोन माणसं, दोन साखळ्या, दोघांनी एकदमच ओढायच्या, नाही तर दार उघडत नाही. मी दुसरा रिमोट पायाच्या अंगठ्यानं दाबून पाहिला, फोड आला पण जमत नाही. त्यांच्या खुर्चीवर ठेवला, त्यांच्या नावानं ओरडली, मन हलकं झालं, पण साखळी कोण ओढेल?

दोन हातांचा खेळ तू एकटीच्या घरात काहून पाठवला, सुमेध? एवढंच विचारायचं आहे.

तुझी आई, भीमाबाई


पुणे
४ डिसेंबर २०२४

आई,

जयभीम. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाबा खेळायचे? आपले बाबा? मी घरी यायचो तेव्हा ते माझ्याकडे न बघता पेपर उलटायचे. नोकरी लागली तेव्हा एवढंच म्हणाले, "पगार वेळेवर देतात ना?" मला वाटायचं त्यांना माझी लाज वाटते. आणि त्यांना एक दार विचारायचं होतं! एकदा विचारलं असतं ना गं. एकदा!

मी त्यांना सांगितलं असतं. जुन्या कॅसेटमध्ये त्या दारामागं काहीच नव्हतं, आई. दार नुसतं रंगवलेलं होतं. बनवणाऱ्यांकडे जागा संपली असेल. हे समजलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, लहानपणी मीही तिथं धडका मारायचो. म्हणून आमच्या गेममध्ये ते दार मी माझ्या वाट्याला मागून घेतलं आणि उघडं केलं. त्यामागचं सगळं मी एकट्यानं काढलं आहे. काय आहे ते मी सांगणार नाही.

दोन माणसांची अट मीच घातली, मला वाटलं बहीणभाऊ बसून खेळतील कुठंतरी. तू एकटी बसशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी काल साहेबांशी बोललो. दुसरी साखळी मशीनच ओढेल असं करता येतं, एका आठवड्यात पाठवतो. तुला नुसतं बटण दाबायचं.

पण खरं सांगू? तसं करायला हात धजत नाही. ताईला बसव ना. ती नाही म्हणेल, तरी बसव. तिला एवढं सांग, बाबांच्या पुण्यानुमोदनाला मी थांबलो नाही कारण त्याच आठवड्यात गेमचा तो दाराचा भाग कायमचा बंद होणार होता, मग त्यात एक रेघही टाकता आली नसती. तेव्हा हे सांगितलं असतं तर तिनं चप्पल काढली असती. बरोबरच होतं तिचं.

पुण्याचं तिकीट रद्द केलं. तू कुठंही जाणार नाहीस. मी मात्र येणार आहे.

सुमेध


गोहलपूर
९ डिसेंबर २०२४

सुमेध,

आईच्या घरून लिहून राहिली. आई मागं बसली आहे. तिला उठवायची माझी हिंमत नाही.

तुझं पत्र तिनं मला वाचायला दिलं. चप्पल काढली असती ते खरंच. रेघ टाकायची होती म्हणे! कोणाचा बाप मेला की कोणी रेघा ओढत बसते का, असं मी म्हणालीही. आई म्हणाली, "बस." मी म्हटलं, त्याच्या गेमला मी हात लावणार नाही. "तर मग भर बॅग. ने मले पुण्याले." मी बसली. बाबांच्या खुर्चीत बसली रे, पहिल्यांदा.

मला काही येत नव्हतं. उजवं दाबलं की माणूस खड्ड्यात. आई म्हणे, "अगं उडी! उडी! आता थांब. माझ्याकडं पाहू नको, समोर पाहा!" पाठीवर एक धपाटाही बसला. पंधरा-वीस वेळा मेलो आम्ही दोघी. मला घाम फुटला, पदर खोचला, गॅसवर चहा उतू गेला तरी कोणी उठलं नाही. शेवटी दोघी साखळ्यांपाशी पोचलो. आई म्हणाली, "मी एक-दोन म्हणीन, तीन तू म्हण." आणि मी ओरडली तीन! अख्ख्या गल्लीनं ऐकलं असेल.

दार उघडलं.

सुमेध, मला वाटलं खजिना असेल, राजा असेल, काही तरी चकचकीत असेल. तिथं आपली गल्ली होती. ठिपक्या-ठिपक्यांची, पण आपलीच. डेंटिंगवाल्याचं दुकान, नळ, सत्यवतीबाईंचा ओटा. आणि फॅक्टरीचा भोंगा वाजला, तसाच, लांब. मग कोपऱ्यावरून एक माणूस सायकल हातात धरून आला. गल्लीच्या तोंडाशीच उतरून, एक हात सीटवर ठेवून, पायी. मफलर भर उन्हात. हँडलला डबा. दारापाशी आला आणि त्यानं डब्यानं दार वाजवलं. टक, टक. दोनदा, बाबा वाजवायचे तसंच.

 मी आईचा हात धरला. मग ती एकदम मोठ्यानं म्हणाली, "आले! अगं, ते आले!"

प्रत्येक डावात वर घड्याळ पळत असते ना, इथं घड्याळच नाही. आम्ही वाट पाहून राहिलो की आता संपेल, मग संपेल. संपतच नाही. बटण दाबेपर्यंत तो माणूस दारात उभाच राहते, मधूनमधून मफलर नीट करते. आई बटण दाबत नाही. मलाही दाबू देत नाही. रिमोट मांडीवर उपडा ठेवून पाहून राहिली आहे. मघाशी त्याला म्हणाली, "पाहिलं का, होतं ना दारामागं!"

लोक बाबांच्या फोटोसमोर बसले होते आणि तू तिकडं जाऊन हे काढत होता. मला काय माहीत रे! मला कोणी काही सांगतच नाही या घरात.

हे पत्र पोचायला चार दिवस लागतील. तोवर मी थांबू शकत नाही. पेन ठेवते आणि फोन लावते. उचल.

ताई